कै. आगरकर आणि कैद्यांचे औषधपाणी

कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव निघाले की समाजसुधारणेचे वाद आठवतात. परंतु त्यांच्या चरित्रातील तुरुंगवासाचे प्रकरण आमच्या देऊळगाव राजाच्या नागरिकांनी व व्यापाऱ्यांनी मुद्दाम ध्यानी घेण्याजोगे आहे.

आगरकर सन 1856 मध्ये कऱ्हाडनजीक टेंभू येथे दरिद्री कुटुंबात जन्मले. विद्येसाठी वणवण करीत ते आपल्या वऱ्हाडात आले व अकोल्याहून मॅट्रिकची परीक्षा उतरले. पुढे एम. ए. होऊनही मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि 1881 साली निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरील टीकेस आधारभूत मानलेली पत्रे बनावट ठरली आणि 1882 च्या जुलैत टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी 101 दिवस त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात काढले. तो अनुभव आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवला आहे. पुढे दम्याने ते जर्जर झाले आणि 17 जून 1895 रोजी, अवघ्या 38 व्या वर्षी, निवर्तले. त्या दुखण्याचा दोष आम्ही तुरुंगास देत नाही. परंतु आगरकरांस लेखणी होती, म्हणून भिंतीआडची हकीकत जगास कळली. ज्यास लेखणी नाही, त्याची दाद कोणी घ्यावी?

कायदा याविषयी मुका नाही. आगरकरांच्या निधनापूर्वी एकच वर्ष, 1894 साली झालेल्या कारागृहांच्या कायद्याने दाखल होणाऱ्या कैद्याची तपासणी व आजाऱ्यांसाठी रुग्णालय अथवा योग्य जागा आवश्यक ठरविली. सन 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने मंडेला यांच्या नावाचे नियम संमत करून, बाहेरच्या नागरिकास मिळते त्याच दर्जाची शुश्रूषा कैद्यास विनामूल्य मिळावी, असे ठरविले. उणीव आहे ती अंमलाची.

म्हणून आमचे मागणे किमान आहे. तालुक्याच्या कोठडीपासून बुलढाण्याच्या जिल्हा कारागृहापर्यंत प्रत्येक आत येणाऱ्याची डॉक्टरकडून तपासणी होऊन तिची नोंद व्हावी. क्षय, मधुमेह, दमा यांची चालू औषधे एक दिवसही खंडित होऊ नयेत. पाणी व शौचकूप स्वच्छ असावेत. रात्री दुखणे बळावल्यास रुग्णास तत्काळ इस्पितळात हलवावे.

गुन्हेगारांचे लाड कशाला, असे कोणी विचारील. आपल्या तुरुंगांतील बहुसंख्य लोकांचा अद्याप निकालही लागलेला नाही. शिवाय न वटलेल्या एका चेकपायी उद्या बाजारपेठेतील प्रतिष्ठित गृहस्थासही ती पायरी चढावी लागेल. न्यायाधीश कैदेची शिक्षा देतो, रोगाची नव्हे. शिक्षेत जे लिहिलेले नाही, ते कोठडीने भोगावयास लावू नये.