खेळण्यातल्या रेल्वेला तिसरा रूळ कशासाठी? जोशुआ लायनेल कोवेनची गोष्ट

खऱ्या आगगाडीला दोन रूळ, मग लायनेलच्या खेळण्यातल्या गाडीला तीन का? याचं उत्तर न्यूयॉर्कच्या जोशुआ लायनेल कोवेनपाशी आहे.

जन्म १८७७ चा, नाद विजेच्या उद्योगांचा. १९०० मध्ये त्याने लायनेल कंपनी काढली. दुकानात गिऱ्हाईक खेचायला रुळांवर धावणारा मोटारचा डबा बनवला, तर लोक माल सोडून डबाच मागू लागले!

अडचण होती वायरिंगची. दोन रुळांत वीज एकातून येते, दुसऱ्यातून परत जाते. धातूची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, म्हणून चाकं इन्सुलेट करावी लागतात. त्यात गाडी वळसा घालून त्याच मार्गावर परत आणली, की डावा रूळ उजव्याला भिडतो. झालं शॉर्ट सर्किट. दहा वर्षांच्या पोराने हे कसं निस्तरायचं?

१९०६ मध्ये कोवेनने तीन रूळ आणले. वीज मधल्यातून येते, बाहेरच्या दोन्हींतून परत जाते. बाहेरचे दोन्ही सारखेच, त्यामुळे हवे तेवढे वळसे घाला, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी जोडल्या की काम झालं. तिसरा रूळ काही त्याचा शोध नव्हे. पण अमेरिकेत घरोघरी पोचवला त्यानेच.

हुबेहूबपणाच्या शौकिनांना तो रूळ खुपायचा. १९४६ मध्ये प्रतिस्पर्धी अमेरिकन फ्लायरने दोन रुळांची गाडी आणून नेमकं तिथेच बोट ठेवलं. कोवेनने मोठ्या गाड्यांचा मधला रूळ तरीही काढला नाही. १९५९ मध्ये त्याने कंपनीतला हिस्सा विकला, १९६५ मध्ये तो वारला. लायनेलच्या त्या गाड्या आजही तीन रुळांवरच धावतात.