कॅमेरा जागेवरून न हलवता हिरोईनच्या जवळ नेणारा माणूस : पिएर आँजेन्यू

धारूरच्या किल्ल्यावर गेलात की एक प्रयोग करून बघा. तटावर उभं राहायचं आणि समोरच्या डोंगरावरचं एखादं सीताफळाचं झाड मोबाईलच्या स्क्रीनवर दोन बोटांनी मोठं करायचं. दुप्पट, तिप्पट ठीक दिसतं. दहापट केलं की भारीतला मोबाईल कसाबसा निभावतो, साध्या मोबाईलमध्ये मात्र झाडाचा नुसता हिरवा लगदा होतो.

कारण साधा मोबाईल झूम करतच नाही. आहे तो फोटो कापतो आणि फुगवतो. खरा झूम वेगळा. त्यात नळीच्या आत काचेची भिंगं पुढेमागे सरकतात आणि लांबचं झाड खरोखर मोठं होऊन येतं, पानांसकट. लग्नात खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरणारा शूटिंगवाला एका जागी उभा राहून नवरीच्या मुंडावळ्यांपासून मांडवाच्या टोकाला बसलेल्या मामापर्यंत जायचा ना, तो हा झूम.

हा झूम हातात मावेल इतका आटोपशीर आणि तरीही स्वच्छ चित्र देणारा करायचा, हे काम एकेकाळी जवळपास अशक्य वाटायचं. ते ज्यांनी करून दाखवलं त्यांत सगळ्यात मोठं नाव आहे पिएर आँजेन्यू यांचं.

आँजेन्यू जन्मले १४ जुलै १९०७ रोजी, फ्रान्समधल्या सँ तेआँ नावाच्या गावात. सँ तेतियेन हे कारखान्यांचं शहर तिथून जवळ. शिक्षण आधी इंजिनिअरिंगचं, मग पॅरिसच्या प्रकाशशास्त्राच्या संस्थेत. तिथे त्यांना शिकवायला आँरी क्रेत्याँ होते. रुंद पडद्याचा सिनेमा, म्हणजे पुढे सिनेमास्कोप म्हणून जगभर गाजला तो, ज्या भिंगावर उभा राहिला ते क्रेत्याँ यांचंच. गुरू असा मिळाल्यावर पोरगं सिनेमाकडे वळणारच. १९३५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आँजेन्यू यांनी स्वतःची कंपनी काढली. गिऱ्हाईक कोण, तर सिनेमावाले.

आता तुम्ही म्हणाल, भिंग म्हणजे काच घासायची, त्यात एवढं काय?

घोळ असा आहे की एकटं भिंग कधीच नीट चित्र देत नाही. ते लाल आणि निळा रंग वेगवेगळ्या ठिकाणी गोळा करतं, म्हणून कडांना रंगीत किनार येते. मध्ये स्पष्ट असेल तर कोपऱ्यात धूसर होतं. सरळ भिंत वाकडी दिसते. म्हणून एका भिंगाची खोड दुसऱ्याने काढायची, दुसऱ्याची तिसऱ्याने, अशी पाच-सहा भिंगं एका नळीत बसवतात. कुठल्या काचेची, किती गोलाईची, किती अंतरावर, हे सगळं गणिताने ठरतं.

आणि हे गणित तेव्हा कॉम्प्युटरवर होत नव्हतं. प्रकाशाचा एक किरण घ्यायचा. तो पहिल्या काचेत शिरताना किती वळला ते काढायचं, बाहेर पडताना किती वळला ते काढायचं, मग पुढची काच. प्रत्येक वळणाला कोन, साइन, लॉगॅरिथमचे तक्ते. शेवटच्या भिंगातून किरण भलतीकडे गेला तर एक गोलाई बदलायची आणि पहिल्यापासून सुरुवात. असे कितीतरी किरण. एका लेन्सच्या आकडेमोडीत महिनेच्या महिने जायचे. आँजेन्यू यांनी आधी यालाच हात घातला आणि आकडेमोडीच्या नव्या पद्धती बसवून हा वेळ बराच खाली आणला. माझ्या मते त्यांचं खरं भांडवल हेच. बाकीचे एक लेन्स तपासेपर्यंत ते चार कल्पना तपासून फेकून देऊ शकत होते.

त्याचं पहिलं मोठं फळ १९५० चं. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा हलायला जागा लागते, पण जास्त परिसर टिपणारी लेन्स तर फिल्मला चिकटूनच बसायला बघते. आँजेन्यू यांनी लांबचं टिपणाऱ्या लेन्सची रचना उलटी केली. प्रकाश पसरवणारं भिंग पुढे आणलं, गोळा करणारी मागे ठेवली. लेन्स मागे सरकली, आरशाला जागा झाली. याला त्यांनी रेट्रोफोकस नाव दिलं. ते इतकं रुळलं की आज कुठल्याही कंपनीच्या तशा लेन्सला लोक रेट्रोफोकसच म्हणतात. १९५३ मध्ये त्यांनी एफ ०.९५ ची लेन्स आणली, म्हणजे अंधुक उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी. तिची गोष्ट पुढे येतेच.

मग आला झूम.

झूम त्यांनी शोधला नाही, हे सांगून टाकायला हवं. अमेरिकेत फ्रँक बॅक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच झूमार नावाची झूम लेन्स आणली होती आणि टीव्हीवाले ती वापरतही होते. पण ती लांबलचक, अवजड. शिवाय तिच्यातली सरकणारी भिंगं एकमेकांना जोडलेली, एकत्र हलणारी. त्यामुळे चित्र झूमच्या ठरावीक ठिकाणी अगदी टोकदार, मधल्या टप्प्यात किंचित सुटलेलं.

का सुटतं? मधलं एक भिंग सरकवलं की चित्र लहान-मोठं होतं, हे सोपं. पण त्याच वेळी फोकसही घसरतो. तो जागेवर ठेवायला दुसरं भिंग सरकवावं लागतं, आणि तेही पहिल्याच्या चालीने नाही. पहिलं सरळ पुढे जात असताना दुसरं आधी थोडं मागे, मग पुढे, असं काहीतरी वाकडंतिकडं. आँजेन्यू यांनी दोघांना वेगवेगळं सोडलं. नळीवर दोन वक्र खाचा कापल्या, एकेका भिंगाची खुंटी एकेका खाचेत. बाहेरचं कडं फिरवलं की दोघं आपापल्या वाटेने जातात आणि फोकस हलत नाही. कागदावर हे इतरांनाही सुचलं होतं. पण खाच केसभर चुकली तरी चित्र धूसर. म्हणजे गणितज्ञाइतकाच लेथवरचा कारागीर तय्यार पाहिजे.

दुसरी अडचण प्रकाशाची. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. झूममध्ये बारा भिंगं सुटी असतील तर चोवीस पृष्ठभाग. हिशोब करा, आत शिरलेल्या प्रकाशातला जेमतेम ३७-३८ टक्के पलीकडे पोचतो. परत फिरलेला आतल्या आत आपटत राहतो आणि चित्र पांढरट होतं. काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करायची युक्ती १९३० च्या दशकात निघाली आणि महायुद्धानंतर सगळीकडे पोचली. ती नसती तर आँजेन्यू यांचं गणित कागदावरच राहिलं असतं.

आणि सगळ्यात चिवट भांडण आकाराचं. नळी आखूड करायची तर भिंगं जास्त जोरकस लागतात, आणि भिंग जितकं जोरकस तितक्या त्याच्या खोडी मोठ्या. साध्या लेन्सला त्या एकाच जागी मिटवायच्या असतात. झूमला पार या टोकापासून त्या टोकापर्यंत.

१९५६ मध्ये आँजेन्यू यांनी १७ ते ६८ मिलीमीटरची, चौपट झूम लेन्स बाजारात आणली. ती १६ मिलीमीटरच्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी होती. मग दहापट, १२ ते १२०. बातम्या आणि माहितीपट करणाऱ्यांची तर चैन झाली. आधी तीन-चार लेन्स पिशवीत, प्रत्येक वेळी एक काढा, दुसरी लावा, तोवर समोरचा प्रसंग संपलेला. आता एक लेन्स आणि खांद्यावर कॅमेरा. मोठ्या सिनेमासाठी २५ ते २५० ची आली. दहापट झूमसाठी हॉलिवूडच्या अकादमीने त्यांना १९६४ सालचा तांत्रिक ऑस्कर दिला.

त्याच १९६४ च्या जुलैमध्ये ती एफ ०.९५ ची लेन्स चंद्रावर जाऊन आदळली. खरंच. अमेरिकेची आधीची सहा रेंजर यानं फसली होती. सातव्याने चंद्रावर कोसळता कोसळता ४,३०० हून अधिक फोटो पाठवले, आणि त्यातल्या काही कॅमेऱ्यांवर आँजेन्यू यांच्या लेन्स होत्या. पुढे अपोलो ११ च्या यानातल्या रंगीत टीव्ही कॅमेऱ्यावर त्यांचीच झूम होती.

सिनेमावाल्यांनी मात्र या खेळण्याचा चोथाही केला. सत्तरच्या दशकातले हिंदी सिनेमे आठवा. व्हिलन आला, झूम. पिस्तूल निघालं, झूम. आपल्या मालिकांमध्ये सासूबाईंच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा येतो तो त्याचाच नातू. याउलट स्टॅनली कुब्रिक यांचा १९७५ चा बॅरी लिंडन बघा. एका चेहऱ्यापासून कॅमेरा हळूहळू मागे येत राहतो आणि शेवटी पडद्यावर एखादं जुनं तैलचित्र उभं राहतं. त्यासाठी आँजेन्यू यांच्याच वीसपट झूमवरून खास लेन्स बनवून घेतली होती.

१९९० मध्ये अकादमीने त्यांना आयुष्यभराच्या तांत्रिक कामासाठीचा गॉर्डन सॉयर पुरस्कार दिला. १९९८ मध्ये ते गेले. कारखाना आजही त्यांच्या जन्मगावातच, सँ तेआँमध्ये आहे.

कान महोत्सवात २०१३ पासून त्यांच्या नावाने छायाचित्रकारांचा सन्मान होतो. २०२४ मध्ये तो पहिल्यांदा भारतीय माणसाला मिळाला. रोजा आणि दिल से ज्यांनी टिपले त्या संतोष सिवन यांना. कॅमेरा ते आपल्या पुण्यात शिकले, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये.