जीप घोटाळ्यानंतरही मुंबईने दोनदा निवडून दिलं. मग कृष्ण मेनन मुंबईतच का हरले?

स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून आजही जीप प्रकरणाचं नाव निघतं. त्याच्या केंद्रस्थानी होते व्ही. के. कृष्ण मेनन.

१८९६ मध्ये मलबारात जन्मलेले मेनन लंडनमध्ये 'इंडिया लीग' चालवत. तिथेच नेहरूंशी मैत्री जुळली आणि स्वातंत्र्यानंतर ते ब्रिटनमधले उच्चायुक्त झाले. १९४८ मध्ये त्यांनी नेहमीची पद्धत डावलून लष्करासाठी जीपखरेदीचा करार केला. रक्कम सुमारे ८० लाख रुपये. आल्या फक्त १५५ जीप, त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या.

संसदेत गदारोळ झाला. पण १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९५६ मध्ये, मेनन केंद्रात मंत्री झाले. त्यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचं सिद्ध झालं नाही, हे खरं. तरी विरोधी पक्षातल्या कुणाला एवढी सवलत मिळाली असती का?

मतदारांनीही जीप मनावर घेतली नाही. जानेवारी १९५७ मध्ये मेनन संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर सुमारे आठ तास बोलले होते. देशाची बाजू मांडणारा माणूस म्हणजे 'आपला' माणूस! त्याच वर्षी ते उत्तर मुंबईतून जिंकले. १९६२ मध्ये आचार्य कृपलानींसारखा दिग्गज समोर होता. नेहरू मेनन यांच्या पाठीशी उभे राहिले, दिलीपकुमार प्रचाराला उतरले. मेनन यांना कृपलानींच्या जवळपास दुप्पट मतं पडली.

ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला. संरक्षणमंत्री मेनन होते. या वेळी काँग्रेसचेच खासदार त्यांच्यावर उलटले आणि ७ नोव्हेंबरला त्यांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावं लागलं.

१९६४ मध्ये नेहरू गेले. १९६७ मध्ये मेनन महाराष्ट्राबाहेरचे म्हणून पक्षाने तिकीट नाकारलं. दहा वर्षं खासदार असताना ही अडचण कुणाला दिसली नव्हती, हे विशेष. ईशान्य मुंबईतून ते अपक्ष लढले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, माजी आयसीएस अधिकारी. नुकतीच स्थापन झालेली शिवसेनाही मेनन यांच्या विरोधात उतरली. मुद्दा ना जीपचा, ना फक्त चीनचा. मराठी विरुद्ध बाहेरचा. मेनन हरले. बर्वेंच्या निधनानंतर पोटनिवडणूक झाली, तीही त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी जिंकली.

मेनन संपले नाहीत. १९६९ मध्ये बंगालच्या मिदनापूरने आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रमने डाव्यांच्या पाठिंब्यावर त्यांना लोकसभेत पाठवलं. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी निधन झालं, तेव्हाही ते खासदारच होते.