बाळूंचे बळी हवे होते, बाळू नको होते!

दरवर्षी क्रिकेटपटूंचा लिलाव जवळ आला की साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या मारुती चौकापर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच चर्चा असते. कोणाला संघात ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणासाठी किती कोटी मोजायचे. आमची तरुण पोरे ही आकडेमोड तोंडपाठ सांगतात. सांगू द्या, खेळाची आवड वाईट नाही. पण या पोरांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या खेळाडूने या देशात फिरकी गोलंदाजीचा पाया घातला, त्याची किंमत या समाजव्यवस्थेने किती केली होती, हे तुम्हाला माहीत आहे काय? महिना तीन रुपये! आणि चहा प्यायला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीचा पेला!

त्या खेळाडूचे नाव पालवणकर बाळू. १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्याला आले. लष्करी छावणीत गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. पुढे शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊही नामवंत खेळाडू झाले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात होती. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पगार तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तेथे जाळी लावता लावता ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागले. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा मोठा फलंदाज. तो तासन् तास बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मात्र इतकी वर्षे चेंडू टाकूनही त्या क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाने करायची, घाम गड्याने गाळायचा! कामाची वाटणी जन्मावरून करणारी व्यवस्था मैदानावरही तशीच हजर होती.

बाळूंच्या गोलंदाजीची वार्ता गावात पोहोचली. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा होता. पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे? तेलुगू सभासद अनुकूल होते, मराठी ब्राह्मण सभासद विरोधात होते. अखेर जिंकण्याची गरज सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळूंना घेतले गेले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चेंडू काही बाटत नव्हता! पण चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि बाळूंना बाहेर साध्या मातीच्या पेल्यात. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. तोंड धुवायला पाणी द्यायचे ते अस्पृश्य नोकरानेच. अकरा जणांच्या संघात दहा जण आत आणि अकरावा बाहेर!

आता आपल्या साताऱ्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचा हा हिंदू संघ साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला आला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी तयार केली होती. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. त्यानंतर साताऱ्याच्या रस्त्यांवरून त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली, अशी नोंद आहे. पुण्याला परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांना हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यातही अडचण नसावी, असे रानड्यांनी आपल्या लोकांना सुनावले. पण सुनावून जात जात नसते, हे पुढच्या इतिहासाने दाखवले.

वाचकहो, याच साताऱ्यात त्याच सुमारास आणखी एक मुलगा वाढत होता. त्याची आई भीमाबाई याच गावात १८९६ साली वारली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्याचे नाव दाखल झाले. वर्गात त्याला वेगळे बसावे लागे, सोबत घरून आणलेले तरट असे. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला गोरेगावला जाताना तो भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः गाडी हाकून या लेकरांना प्रवास करावा लागला, रात्रभर पाण्याविना राहावे लागले. ही लेकरे सुभेदाराची होती आणि त्यांतला धाकटा मुलगा म्हणजे पुढे या देशाचे संविधान घडविणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

एकाच जिल्ह्यातल्या या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका अस्पृश्याला हत्ती मिळतो, दुसऱ्याला बैलगाडीही मिळत नाही. हत्ती का मिळाला? कारण त्या दिवशी त्याने त्यांच्यासाठी सात बळी घेतले होते. ही किंमत माणसाची नव्हती, बळींची होती. ज्याच्यापासून त्या दिवशी काही फायदा नव्हता, त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला गाडीवानाने वाऱ्यावर सोडले. उपयोग आहे तोवर हत्ती आणि उपयोग नसेल तर हाकलून देणे, यालाच आजही काही लोक समरसता म्हणतात.

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईला गेले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ असा क्रम सुरू झाला. तेथेही त्यांना घ्यायला काही सभासदांचा विरोध झाला आणि तेथेही गरज वरचढ ठरली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज. संघाने बहुतेक सामने गमावले, पण बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्यांतले ७५ प्रथम श्रेणीचे होते आणि केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी होते. वय पस्तिशीचे आणि हाताला दुखापत असताना ही कामगिरी! संपूर्ण कारकीर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी अवघी १५.२१. आजच्या लिलावात असा गोलंदाज उभा राहिला असता तर बोली कुठवर गेली असती, ते आमच्या पोरांनीच सांगावे.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारात कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमरावांचा पुढाकार होता, असे क्रिकेटचे इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. आपल्या माणसाने साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद केले, याचा तो आनंद होता.

पण कर्णधारपद? ते नाहीच! १९१३ साली एम. डी. पै यांना हिंदू संघाचे कर्णधार केले गेले. हा मान ज्येष्ठ बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनीच बोलून दाखवले. हातात बळी होते, अनुभव होता, पात्रतेबद्दल कोणाचा वाद नव्हता. अडचण एकच होती. अस्पृश्याच्या हुकमाखाली सवर्णांनी कसे खेळायचे? १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी असताना विठ्ठल यांची ज्येष्ठता डावलून दि. ब. देवधर यांना कर्णधार केले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. हा स्वाभिमानाचा बहिष्कार होता. लोकमत त्यांच्या बाजूने फिरले. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. १९१३ पासून १९२३ पर्यंतचा हा सारा झगडा सांगतो की गुणवत्तेने संघात जागा मिळाली, पण अधिकार मात्र संघर्षानेच मिळाला.

येथवरची गोष्ट सांगताना छाती फुगते. पुढची सांगताना जीभ अडखळते. पण वकिलाने सोयीचा तेवढाच पुरावा दाखवायचा नसतो.

सप्टेंबर १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले, तेव्हा बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. ते संयुक्त मतदारसंघाच्या गोटात होते. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३३ साली ते हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तिलाही त्यांचा विरोध होता. आणि १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले! बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. समाज आपल्या नेत्यामागे उभा राहिला आणि काँग्रेसचा डाव फसला.

या पराभवात एक विलक्षण धडा आहे. बाळूंनी आयुष्यभर ज्या अन्यायाचा चटका सोसला, तो होता निवड दुसऱ्याच्या हाती असण्याचा. खेळणार कोण, वगळायचे कोणाला, कर्णधार कोण, हे सारे सवर्णांची समिती ठरवी. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते म्हणजे नेमके काय मागत होते? आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू, एवढेच! पुणे कराराने राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. संघातील जागा वाढल्या आणि निवड समिती मात्र त्यांचीच राहिली. बाळूंनी ज्या करारावर सही केली, त्याने त्यांच्याच आयुष्यातील दुःख साऱ्या समाजाच्या राजकारणात कायम केले. आज राखीव मतदारसंघातून निवडून गेलेले आपलेच लोक अत्याचाराच्या प्रश्नावर मूग गिळून का बसतात, याचे उत्तर तेथे आहे.

मग बाळूंना गद्दार म्हणून मोकळे व्हायचे का? माझे उत्तर नाही असे आहे. सवर्णांच्या टाळ्या, हार आणि हत्ती यांवरून त्यांना वाटले असावे की मन वळेल, हळूहळू सारे बदलेल. ती त्यांची चूक होती, पण ती प्रामाणिक चूक होती. त्या चुकीची किंमतही त्यांनीच मोजली. मैदानावर त्यांचे बळी वापरले, राजकारणात त्यांचे नाव वापरले, आणि काम संपल्यावर दोन्हीकडून विसरून गेले. देवधरांच्या नावाने १९७३ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाळूंच्या नावाने क्रिकेट मंडळाने असा एकही करंडक दिला नाही, ही तक्रार आहे.

आणि आपण काय केले? त्यांच्या विरोधाची आठवण ठेवली, अपमानाची नाही. चर्मकार समाजातील बांधव चळवळीपासून दूर का, असा सवाल आपण करतो, पण त्यांचा एवढा मोठा माणूस आपल्या व्याख्यानमालेत कधी घेत नाही. बाबासाहेबांनी असे केले नव्हते. बहिष्कृत हितकारिणी सभेचे सचिव सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार होते. पां. ना. राजभोज हेही चर्मकार. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते विरोधी गोटात होते. पुढे तेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ साली फेडरेशनच्या तिकिटावर सोलापुरातून लोकसभेत गेले. बाबासाहेबांची निवड अशी होती. कालचा विरोध त्यांनी माणसाच्या कपाळावर कायमचा गोंदवला नाही.

जुलै १९५५ मध्ये बाळू मुंबईत निवर्तले. धम्मदीक्षेला तेव्हा सव्वा वर्ष उरले होते. ज्या धम्मात पंगत वेगळी नसते, तो त्यांच्या वाट्याला आला नाही.

बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी साताऱ्यातील प्रत्येक शाळेत मसूरच्या गाडीची गोष्ट सांगा आणि तिच्या शेजारी त्या हत्तीची गोष्टही सांगा. बाळूंना नेता मानण्याची गरज नाही, त्यांची वाट चुकली हेही स्पष्ट सांगा. पण त्यांना आपल्या इतिहासात आत घ्या, सर्वांबरोबर बसवा. सवर्णांनी त्यांना मातीचा पेला देऊन पॅव्हेलियनबाहेर उभे केले होते. तेच पाप आपल्या हातून घडू नये, एवढीच विनंती. जयभीम!