जहांगीरला ज्याचं मुंडकं चित्रातच मिळालं, तो मलिक अंबर

छत्रपती संभाजीनगरचं जुनं नाव खडकी. १६१० मध्ये ती राजधानी म्हणून वसवली मलिक अंबरनं. गडी मूळचा इथला नव्हताच. जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, वाटेत मुसलमान झाला आणि हातोहात विकला जात अहमदनगरला पोचला. तिथं त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही हबशीच.

१६०० मध्ये अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही बुडाली असंच वाटत होतं. अंबरनं राजघराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं मुघलांना दख्खनेत स्वस्थ बसू दिलं नाही.

आता गंमत बघा. बादशहा मुसलमान, अंबरही मुसलमान. पण अंबरची भिस्त मराठा घोडदळावर आणि गनिमी काव्यावर. १६२४ ला भातवडीत समोर मुघल आणि विजापूरची आदिलशाही एकत्र उभी. शहाजीराजे निजामशाहीकडून लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव मात्र मुघलांकडे. धर्मावरून बाजू ओळखायला गेलात तर फसाल.

जहांगीर इतका चिडला होता की अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्रच त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

१६२६ ला अंबर वारला. कबर खुलताबादला आहे. पोरगा फतेहखान मात्र वेगळा निघाला. त्यानं मुर्तझाला मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मुघलांच्या हवाली करून त्यांच्याच तनख्यावर जगला.