शैलाश्रयांची चित्रलेखिका : मेरी लीकी

आदिमानवाच्या जीवनाचा शोध घेणाऱ्या संशोधकांमध्ये मेरी लीकी यांचे नाव आदराने घेतले जाते. या विदुषीने शाळेची एकही परीक्षा उत्तीर्ण केलेली नव्हती.

मेरी यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९१३ रोजी लंडन येथे झाला. वडील चित्रकार असल्याने त्यांचे कुटुंब देशोदेशी भ्रमंती करीत असे. फ्रान्समधील गुहांत लहानग्या मेरीने अश्मयुगीन चित्रे पाहिली, दगडी हत्यारे गोळा केली आणि त्या प्राचीन जगाची ओढ तिच्या मनात कायमची रुजली. १९२६ मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढे दोन शाळांमधून तिला काढून टाकण्यात आले. ऑक्सफर्ड विद्यापीठात चौकशी केली असता, तिने अर्ज करण्यातही अर्थ नाही, असे उत्तर मिळाले. तरीही मेरी खचली नाही. तिने लंडनमध्ये पुरातत्त्वविद्येवरील व्याख्याने ऐकली, उत्खननांत काम केले आणि प्राचीन हत्यारांची रेखाटने करण्यात प्रावीण्य मिळवले. या कलेमुळेच संशोधक लुई लीकी यांच्याशी तिचा परिचय झाला. १९३६ मध्ये ते विवाहबद्ध झाले आणि आफ्रिका ही मेरी यांची कर्मभूमी ठरली.

आजच्या टांझानियातील कोंडोआ परिसरात डोंगरकड्यांच्या पुढे आलेल्या खडकांखाली अनेक नैसर्गिक आडोसे आहेत. त्यांना शैलाश्रय म्हणतात. शिकार करून व कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या प्राचीन लोकांनी त्यांच्या भिंतींवर चित्रे रंगवली होती. ऊन, पाऊस आणि माणसांचे हात यांमुळे ती झिजत चालली होती. १९५१ मध्ये मेरी यांनी तेथे तीन महिने मुक्काम केला. खडकावर पारदर्शक कागद धरून त्या प्रत्येक आकृती रेषेबरहुकूम उतरवून घेत. अशा सुमारे १६०० आकृत्यांची नोंद त्यांनी केली. त्यांत हत्ती, जिराफ, हरिणे होती. तसेच सडपातळ स्त्री-पुरुष, त्यांच्या केशरचना आणि वाद्ये वाजवणारी माणसेही होती. हाडे व हत्यारे यांवरून त्या लोकांचा आहार आणि उद्योग कळतो. त्यांचा आनंद मात्र या चित्रांतूनच उमगतो, हे मेरी यांनी जाणले होते.

पुढे १९५९ मध्ये ओल्डुवाई येथे त्यांना मानवसदृश जीवाची सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. १९७८ मध्ये लाएटोली येथे त्यांच्या पथकाने सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वीची पाऊले उजेडात आणली. ज्या ऑक्सफर्डची दारे एकेकाळी त्यांच्यासाठी बंद होती, त्याच विद्यापीठाने १९८१ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. परंतु कोंडोआच्या चित्रांचा त्यांना कधीच विसर पडला नाही. जुनी रेखाटने एकत्र करून त्यांनी १९८३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

९ डिसेंबर १९९६ रोजी नैरोबी येथे त्यांचे निधन झाले. २००६ मध्ये युनेस्कोने कोंडोआच्या शैलाश्रयांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथील चित्रे काळाच्या ओघात पुसट होत असली, तरी मेरी यांनी उतरवून घेतलेल्या रेषांमधून तो प्राचीन समाज आजही आपल्यासमोर उभा राहतो.