निको आणि तिची पायपेटी

पाश्चात्त्य पॉप संगीताच्या इतिहासात निकोचे नाव बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी संदर्भात येते. अँडी वॉरहॉलच्या गोतावळ्यातील सुंदरी किंवा फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'मध्ये क्षणभर झळकलेला सोनेरी केसांचा चेहरा! तिच्या स्वतःच्या नावावर सहा स्टुडिओ अल्बम आहेत, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

मूळ नाव क्रिस्टा पेफगेन. जन्म १६ ऑक्टोबर १९३८ चा, जर्मनीतील कोलोनचा. वडील महायुद्धात गेले. किशोरवयातच ती मॉडेलिंगकडे वळली. 'निको' हे नावही एका छायाचित्रकाराने दिलेले. वॉरहॉलच्या आग्रहाने ती 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'मध्ये आली आणि १९६७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये तीन गाणी तिच्या वाट्याला आली. त्याच वर्षी तिचा 'चेल्सी गर्ल' निघाला. त्यातील दहापैकी नऊ गाणी इतरांची. उरलेल्या एकातही लू रीड आणि जॉन केल भागीदार. वर निर्मात्याने व्हायोलिन आणि बासरी चढवली. ती बासरी ऐकून निकोला रडू कोसळले होते. अल्बम कानाला गोड लागतो, हे खरे. पण त्यात निको पाहुणीच वाटते.

त्यानंतर तिच्या हाती हार्मोनियम आली, तीही पायाने भाता मारायची. मराठी संगीत नाटकांच्या रसिकांना पायपेटीची ओळख नव्याने करून द्यायला नको. आपल्याकडे पेटी गायकाला साथ करते; निकोच्या गाण्यात मात्र तिचा अखंड, घोगरा स्वर भिंतीसारखा उभा राहतो. जिम मॉरिसनच्या प्रोत्साहनाने ती स्वतः गाणी लिहू लागली. सोनेरी केस मेंदीने रंगवले, अंगावर काळे कपडे आले. १९६८ चा 'द मार्बल इंडेक्स' जेमतेम अर्ध्या तासाचा. सगळी गाणी तिची, वाद्यमेळ केलचा. अल्बम खपला नाही. आज त्याचा दबदबा मोठा आहे, पण पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने तेथून सुरुवात करू नये.

सुरुवात करावी ती 'डेझर्टशोअर'पासून (१९७०). त्यात आईसाठी जर्मन भाषेतील एक गाणे आहे आणि एका छोट्या फ्रेंच गाण्यात तिचा लहानगा मुलगा आरी याचा आवाज आहे. या मुलाला तिने स्वतः वाढवले नाही, हे ठाऊक असेल तर ते गाणे ऐकवत नाही. आपल्या मते हाच तिचा सर्वांत परिपूर्ण अल्बम.

'द एंड...' (१९७४) मध्ये केलच्या जोडीला ब्रायन ईनोचा सिंथेसायझर आहे. पुढची सात वर्षे मात्र रिकामी! हेरॉइनच्या व्यसनाने तिला ग्रासले होते. १९७८ च्या सुमारास पेटीही चोरीला गेली, तेव्हा गायिका पॅटी स्मिथने तिला नवी घेऊन दिली. 'ड्रामा ऑफ एग्झाइल' (१९८१) ढोल-गिटारच्या गर्दीत हरवतो. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' (१९८५) मध्ये केल परतल्यावर आवाजाला पुन्हा मोकळी जागा मिळते.

१८ जुलै १९८८ रोजी स्पेनच्या इबिझा बेटावर ती सायकलवरून पडली आणि मेंदूतील रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. वय ४९. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड जंगलातील दफनभूमीत आईशेजारीच तिला पुरण्यात आले.